सरसकट नोफॉलो

दुकान बंद होतंय असा कागद दारावर चार दिवस लावलेला होता, पण तो वाचायलाही कोणी फिरकलं नव्हतं. टाचणी आत शेवटची खोकी बांधत होती. सुया एका डब्यात, स्क्रू दुसऱ्यात, बॉबिनं तिसऱ्यात. जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करायचं तिचं हे दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि एक लांबलचक टेबल. उद्या ते रिकामं करून द्यायचं होतं आणि परवापासून पडदे शिवणाऱ्या एका कंपनीत नोकरी. तिथे पन्नास एकसारखी मशीनं. बिघडलं की दोष शोधायचा नाही, अख्खा भाग काढून नवा बसवायचा. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारी बाई ही! पण गिऱ्हाईकच येत नसेल तर तो कान काय चाटायचाय?

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. काकांनी ठेवलेलं. लहानपणी ती बारीक होती आणि बोलायचीही टोचून. चाळिशीत बारीकपणा गेला, टोचणं तेवढं राहिलं.

दार ढकलून एक बाई आत आली. चादरीत गुंडाळलेलं हातमशीन पोटाशी धरलेलं, घामाघूम झालेली.

"बंद झालंय," टाचणी वर न बघताच म्हणाली. "कागद लावलाय दाराला."

"असं कसं बंद? मिस्त्रींनी तर तुमच्याकडेच जा म्हणून लिहिलंय!"

मिस्त्री म्हणजे काका. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणायचं. टाचणीच्या हातातला दोरा तसाच राहिला.

"मिस्त्री गेले. सहा महिने झाले."

"अगं बाई! मला माहीत नव्हतं हो." बाईने मशीन टेबलावर ठेवलं. "पण लिहिलंय खरंच. त्यांच्या साइटवर दोरा गुंतण्याचा लेख आहे ना, त्याच्या खाली. आणि खाली म्हणजे किती खाली! जुगाराच्या जाहिराती, टक्कल घालवायची औषधं, सरकवून सरकवून अंगठा दुखला माझा. मधेच हे सापडलं. हे बघा."

तिने फोन पुढे केला. टाचणीने वाचलं.

'मशिन जुनं असेल तर माझ्या पुतणीकडे न्या. माज्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. फसवणार नाही. हे मी मिस्त्री स्वतः लिहितो आहे.' खाली टाचणीच्या साइटची लिंक. तारीख दीड वर्षापूर्वीची.

टाचणी मटकन खोक्यावर बसली. का बसली, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

काकांचं दुकान मोठं होतं, नाव त्याहून मोठं. टाचणी शाळेतून आली की दप्तर फेकून तिथे बसायची. काकांचा मुलगाही यायचा, पण तो काउंटरवर. तेलाचा डाग पडेल म्हणून मशीनच्या जवळ यायचा नाही, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं, मेल्याला. काका मात्र काम शिकवायचे ते टाचणीलाच. "हात लाव, कान लाव, मग बोल," एवढंच त्यांचं शिक्षण.

साइट काढली ती टाचणीने. काका बोलायचे, ती टाइप करायची. सुई का तुटते, टाका का सुटतो, बॉबिनची पेटी कशी बसवायची, असे सत्त्याऐंशी लेख झाले. कुठकुठल्या गावांतून माणसं खाली कॉमेंटमध्ये प्रश्न विचारायची. रोज सकाळी चहाचा पहिला कप घेऊन टाचणी त्या सगळ्या कॉमेंट वाचायची आणि मिस्त्री या नावाने उत्तरं द्यायची. सुरुवातीला काकांना विचारून, पुढे पुढे न विचारता. तिचं ज्ञान आणि काकांची सही. अकरा वर्षं हे चाललं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मग कचरा यायला लागला. पहिली कॉमेंट आली तेव्हा काकांना काय आनंद! 'खूप छान माहिती. असेच लिहीत राहा.' खाली कसलीतरी लिंक. काकांनी तीनदा वाचून घेतली.

"बघ, परक्या मुलखातला माणूस आहे. आपल्याला ओळखत नाही, पाळखत नाही, तरी तोंड भरून बोलला. धन्यवाद लिही त्याला."

"अहो काका, तो माणूस नाही, मशीन आहे. जुगाराची लिंक चिकटवायला आलंय."

"मशीन असलं म्हणून काय झालं? चांगलं बोलतंय ना?" काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

हसणं फार दिवस टिकलं नाही. एका शिक्षिकेने लेखाखालच्या अशाच एका लिंकवरून सुया मागवल्या. सुया आल्या नाहीत, वर तिच्या कार्डावरून भलतीच खरेदी झाली. ती दुकानात येऊन काकांना म्हणाली, "तुमच्या पानावर होतं म्हणून मी विश्वास ठेवला हो." ओरडली असती तर बरं झालं असतं. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग टाचणीने शोध घेतला आणि उपाय काढला. काकांना समोर बसवून समजावलं.

"समजा, आपल्या दुकानाच्या भिंतीवर कोणीतरी स्वतःचा पत्ता खरडून गेला. बघणाऱ्याला वाटतं, मिस्त्रींच्या भिंतीवर आहे म्हणजे मिस्त्रींच्या खात्रीतला असणार. सर्चच्या यंत्रालाही तसंच वाटतं. ज्याचा पत्ता चांगल्या भिंतींवर जास्त, त्याला ते वर दाखवतं. म्हणून हे मेले येऊन खरडतात. आता मी प्रत्येक पत्त्याला मागून एक खूण करून ठेवणार. नोफॉलो म्हणतात त्याला. माणसाला ती दिसत नाही, यंत्राला दिसते. भिंत आमची आहे, पण या पत्त्यामागे आमचा शब्द नाही, हा मोजू नका, असा त्याचा अर्थ."

"मग यायचे थांबतील?"

"फायदाच नाही म्हटल्यावर कशाला येतील?"

काका जरा वेळ बोटांनी टेबल वाजवत बसले. "आणि मीच खाली कोणाचा पत्ता लिहिला तर?"

"तुम्ही कशाला खाली लिहाल? वरचा अख्खा लेख तुमचा आहे की!"

झालं. मिस्त्री या नावाला त्या नियमातून वगळायचं म्हणजे दोन ओळींचं काम होतं. तिला ते येत होतं. पण दुपारी एक मशीन द्यायचं होतं, घाई होती, आणि सरसकट लावून टाकलं की डोक्याला ताप नाही, असं तिला वाटलं. लावलं सरसकट.

आणि कचरा थांबला म्हणता? छे! खूण बघायला तिकडे माणूस होता कुठे? यंत्रं आपली आंधळ्यासारखी खरडत राहिली. रोज सकाळी चहा निवेपर्यंत टाचणी बसून पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

पुढे काका थकले. हात कापायला लागला. एका सकाळी टाचणी आली तर दुकानात शेठ बसलेला, समोर सही झालेले कागद. दुकान त्याचं, साइटही त्याची. जुनी मशीनं तो दुरुस्त करणार नव्हता, नवी विकणार होता. टाचणीला कोणी काही विचारलं नव्हतं. पंचवीस वर्षं तेलात हात घातले आणि शेवटी बाहेरची ती बाहेरचीच राहिली.

काका तिच्या मागे रस्त्यापर्यंत आले. "पोरी, रागावू नकोस. पोटचा आहे, त्याला काहीच येत नाही, दुकान नाही दिलं तर तो खाईल काय? तुझ्या हातात कला आहे. तू स्वतःचं काढ. मी साइटवर तुझं नाव घालतो, पत्ता घालतो. सगळ्यांना तुझ्याकडेच पाठवतो. माझा शब्द आहे."

"बघू," टाचणी म्हणाली. बाकी काही बोलली असती तर रडली असती.

तिने हे दुकान काढलं, स्वतःची साइट काढली आणि वाट बघत बसली. त्या जुन्या साइटची पायरी पुन्हा चढायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. कॉमेंट वाचणं बंद, पुसणं बंद. त्याऐवजी दर सोमवारी ती एक यादी उघडायची. कोणकोणत्या साइट आपल्याकडे लिंक देतात, ते त्या यादीत दिसायचं. नोफॉलोवाल्या लिंका धरू नका, असा चौकोन तिने पहिल्याच दिवशी टिक करून ठेवला होता. कचरा कशाला मोजायचा?

काकांची साइट त्या यादीत कधीच दिसली नाही. एक सोमवार गेला, दहा गेले, दीड वर्ष गेलं. सर्चमध्ये जुनं मशीन दुरुस्ती असं टाकलं की काकांच्या पुण्याईवर शेठचं दुकान पहिलं यायचं, टाचणी पाचव्या पानावर. गिऱ्हाईक शेठकडे जायचं आणि शेठ म्हणायचा, जुन्यात जीव कशाला घालवता, नवं घ्या. चांगली लोखंडी मशीनं भंगारात गेली. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक टाचणीकडे यायचंही. कुठून कळलं, असं विचारायचं तिला कधी सुचलं नाही. काकांनी आपल्या तोंडाला पानं पुसली, हे तिच्या मनात पक्कं बसलं आणि त्यावर दर सोमवारी एक थर चढत गेला.

काकांचं अंग लुळं पडलं, वाचा गेली, तेव्हा ती इस्पितळात गेली. काकूने हात धरून आत नेलं. काकांनी तिला बघितलं आणि उजव्या हाताचं एक बोट चादरीवर आपटायला लागले. टक, टक, टक. बोट उचलायचं, हवेत जरा शोधायचं, पुन्हा टक.

आणि आमची टाचणी काय बोलली? "दीड वर्षात एक ओळ लिहायला जमली नाही ना तुम्हाला?"

काकांचं बोट जोरात आपटायला लागलं. डोळे भरले. पाणी हवं असेल, असं समजून तिने चमच्याने पाणी पाजलं आणि निघून आली. चौथ्या दिवशी ते गेले.

तर त्या दीड वर्षापूर्वीच्या तारखेकडे बघत टाचणी खोक्यावर बसली होती आणि ती बाई घाबरून विचारत होती, "बरं वाटत नाही का तुम्हाला? मी उद्या येऊ?"

"उद्या नाही. आणा इकडे ते."

तिने बांधलेलं खोकं फोडून हत्यारं काढली. चाक एकदा फिरवलं, कान लावला. बॉबिनच्या पेटीची पट्टी सैल झाली होती, दहा मिनिटांचं काम. टाका सुरेख पडायला लागला तशी बाई लहान पोरीसारखी हसली. "मिस्त्रींनी खोटं नव्हतं लिहिलं हो," म्हणाली, आणि मशीन पुन्हा चादरीत गुंडाळून गेली.

टाचणीने लॅपटॉप उघडला. दोन वर्षांनी ती त्या साइटवर पाऊल टाकत होती. काय अवस्था झाली होती! एकेका लेखाखाली हजार-हजार कॉमेंटचा उकिरडा. ती एक लेख उघडायची आणि मिस्त्री हे नाव शोधायची. वरच्या, गाजलेल्या लेखांत काही नव्हतं. मग तेलाच्या लेखाखाली एक सापडली. पट्ट्याच्या लेखाखाली एक. ज्या लेखांकडे कोणी बघत नाही, त्यांच्याखाली मिळून सगळ्या नऊ. एका बोटाने, चुका करत, प्रत्येक वेळी वेगळं लिहिलेलं. तिची लिंक प्रत्येकीत होती आणि प्रत्येक लिंकेच्या मागे तिनेच लावलेली ती खूण होती. यामागे आमचा शब्द नाही. मोजू नका.

एक कॉमेंट गिऱ्हाइकांसाठी नव्हतीच.

'टाचणी, वरच्या लेखात कसं लिहायचं ते तू मला कधी शिकवलं नाहीस. शेठला विचारायची लाज वाटते. म्हणून इथे लिहितो. तू रोज सकाळी इथलं सगळं वाचतेस, ते माहीत आहे. एकदा येऊन जा.'

तिने तोंडावर हात घट्ट दाबला. मग फोन उचलून शेठला लावला.

"ताई? आज कशी आठवण झाली?"

"काका साइटवर लिहायचे, तुला माहीत होतं?"

"कसलं लिहायचे?"

"कॉमेंट. माझ्याकडे जा म्हणून. माझा पत्ता घालून."

मग शेठ म्हणाला, "ते बाबा होते?"

"मग कोण?"

"मला वाटलं तू!" त्याचा आवाज चढला. "अगं, बाबांच्या नावाने अकरा वर्षं कोण लिहीत होतं? तूच ना? बाबांनी उभ्या जन्मात एक अक्षर टाइप केलं होतं का? मिस्त्री नावाने माझ्या साइटवर तुझ्या दुकानाची जाहिरात, एक नाही, दोन नाही, रोज एक! मला काय स्वप्न पडणार होतं? मला वाटलं, ताई बाबांचं नाव वापरून माझं गिऱ्हाईक पळवते. वर वर दिसल्या तेवढ्या उडवल्या मी. घरात भांडण नको म्हणून बोललो नाही, एवढंच."

"किती उडवल्यास?"

"मोजल्या का मी? शंभर असतील. जास्तच."

टाचणीला त्याला फाडून खायचं होतं. पण त्याचं चुकलं कुठे, ते तिला सापडत नव्हतं. मिस्त्री म्हणजे टाचणी, हे तिनेच तर अकरा वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं.

"बाबा दुपारी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बसायचे," शेठ आता हळू आवाजात म्हणाला. "मला वाटायचं पत्ते खेळतात. एकदा विचारलं होतं त्यांनी, मी लिहिलेलं जातं कुठे रे? मी गिऱ्हाइकात होतो. म्हटलं, जात असेल कुठेतरी." मग म्हणाला, "ताई, ती साइट मी महिनाअखेरीला बंद करतोय. नुसता कचरा साठलाय तिथे. तुला काही हवं असेल तर काढून घे."

फोन ठेवला तेव्हा नववी कॉमेंट वाचायची राहिली होती. सुया तुटण्याच्या लेखाखाली, काकांचं अंग लुळं पडलं त्याच्या दोन दिवस आधीची.

'टाचणी, मी लिहितो आणि तू पुसतेस. कळतं मला. तुझा राग खरा आहे, चूक माझी आहे. पुस तू. मी उद्या परत लिहीन. पुसून दमलीस की एकदा वाच.'

चादरीवरचं ते बोट तिला दिसलं. उचललेलं, हवेत अक्षर शोधणारं. आणि आपण त्यांना पाणी पाजलं. काकांनी मरेपर्यंत हेच धरलं होतं, की आपण रोज सकाळी त्यांचा शब्द वाचतो आणि स्वतःच्या हाताने पुसतो. आता कोणाला जाऊन सांगायचं, की वाचलाच नव्हता?

टाचणी ढसाढसा रडली. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता, पण ऐकायला कोण होतं? मग तिने नाक पुसलं, त्या कॉमेंटच्या खालचा चौकोन उघडला आणि एकेक अक्षर शोधत असल्यासारखं एकाच बोटाने लिहिलं:

'काका, मी पुसत नव्हते. आज वाचलं.'

पाठवलं. लगेच उमटलंही. ती त्या ओळीकडे बघत बसली. दुकान आवरायचं होतं, किल्ली द्यायची होती, पण उठवेना. पाच-सात मिनिटांनी पान जरासं हललं. तिच्या ओळीखाली कोणाचं तरी उत्तर आलं होतं.

'खूप छान माहिती. असेच लिहीत राहा.'